कापडाने बांधलेलं शहर : एका दिवसाच्या पायी फेरीची प्रस्तावना

१९५१ साली अहमदाबादच्या गिरणीमालकांच्या संघटनेने आपल्या नव्या कचेरीचं काम ल कॉर्बूझिए याला दिलं. तो तेव्हा चंदीगडची आखणी करत होता. जगभरच्या वास्तुकलेच्या शाळांमध्ये त्याचं नाव कुणी भक्तीने घेत होतं, कुणी चिडून. कापसाचा भाव, सुताचा नंबर, हुंडी आणि कामगारांचा पगार यांत ज्यांचं आयुष्य गेलं, त्या शेठलोकांनी हा माणूस निवडला, आणि १९५४ मध्ये इमारत पुरी झाली. आश्रम रोडवर ती आजही उभी आहे. तिथे अजून त्याच संघटनेची कचेरी आहे. या पुस्तिकेतली सगळी फेरी तिच्याभोवती आखलेली आहे.

पुस्तिका मराठीत आहे आणि ती तयार झाली सुरतेत, पर्वत पाटियाला. लिहिताना डोळ्यांसमोर होते ते इथले, लिंबायत, उधना, डिंडोलीकडचे मराठी लोक. यांतले बरेचसे नंदुरबार, धुळे, जळगावकडचे. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या गाडीने उधन्याला उतरलं की काम मिळतं, हे खानदेशातल्या गावोगाव पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती-हिंदी, आणि महापालिकेच्या मराठी शाळेत पुस्तकातली मराठी. कुणी लूमच्या खात्यात, कुणी डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, कुणी मार्केटात पार्सल बांधायला. आणि पुष्कळ जण बांधकामावर : सेंट्रिंग, सळई, प्लास्टर, फरशी. कापड आणि काँक्रीट, दोन्ही यांच्या हाताखालून जातात. आधुनिक वास्तुकलेवर जाड पुस्तकं लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी यांतलं एखादं काम हातांनी केलेलं असतं. म्हणून ही फेरी आधी आमच्या या वाचकाची आहे, मग विद्यार्थ्यांची आणि हौशी पर्यटकांची, असं मी अगदी मनापासून मानतो.

अहमदाबादच का, असं इथे अनेकांनी विचारलं. सुरतेतही पाहण्यासारखं खूप आहे. सोळाव्या शतकातला किल्ला आहे, इंग्रज-डचांची कबरस्तानं आहेत, आणि शहाजहानच्या काळातली मुगलीसराय आहे, जिथे महापालिकेचा कारभार चालतो. पण नव्या काळातल्या इमारती पाहायला शिकायचं असेल, तर सुरतेहून सकाळच्या गाडीने निघून रात्री परत येता येईल असं अहमदाबादसारखं दुसरं शहर नाही. अंतर दोनशे तीस किलोमीटरच्या आसपास. १९५० ते १९७० या वीस वर्षांत या एका शहराने जितकी नावाजलेली कामं करून घेतली, तितकी चंदीगड सोडलं तर देशात क्वचितच कुठे झाली असतील. चंदीगडमागे सरकार होतं. अहमदाबादमागे कापड होतं.

हे कापड काय करत होतं, ते तारखांवरून दिसतं. सूत-कापडाच्या संशोधनासाठी ‘अटिरा’ १९४७ मध्ये. त्याच वर्षी भौतिकशास्त्राची संशोधनशाळा, पीआरएल. व्यवस्थापन शिकवणारी आयआयएम १९६१ मध्ये, त्याच वर्षी राष्ट्रीय डिझाइन संस्था, आणि वास्तुकलेचं विद्यालय १९६२ मध्ये. विक्रम साराभाई, कस्तुरभाई लालभाई, गौतम आणि गिरा साराभाई, सुरोत्तम हठीसिंग ही नावं पुन्हा पुन्हा भेटतात. ही मंडळी पिढीजात गिरणीवाली. देऊळ, पांजरापोळ, धर्मशाळा बांधणं ही त्यांच्या घरांतली जुनी रीत होती, आणि स्वातंत्र्यानंतर त्याच रीतीने त्यांनी प्रयोगशाळा आणि विद्यालयं बांधली. फरक एवढाच की या वेळी त्यांनी वास्तुकार निवडताना जगभर नजर टाकली. नफा झाला म्हणून इमारती झाल्या, एवढंच कारण मला पुरेसं वाटत नाही. नफा सुरतेतही होतो. त्या पिढीला आपल्या धंद्याला पुढची पन्नास वर्षं कोणतं ज्ञान लागेल याची काळजी होती, आणि त्या ज्ञानाला साजेसं घर हवं होतं.

मराठी वाचकाने इथे थोडा वेळ थांबावं, कारण ‘अटिरा’ची इमारत अच्युत कानविंदे यांची आहे. कानविंदे १९१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या आचऱ्याला जन्मले. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. सरकारने त्यांना अमेरिकेला पाठवलं. तिथे हार्वर्डला त्यांनी वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली १९४७ मध्ये पदवी घेतली. जर्मनीतल्या बाउहाउस या शाळेचा ग्रोपियस हा संस्थापक. कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूंच्या काळात घर कसं असावं, हा तिचा ध्यास. हा विचार घेऊन मालवणच्या किनाऱ्यावरचा मुलगा परतला आणि त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे कापडाचं संशोधन करणारी ही संस्था. पीआरएलही त्यांचंच. पुढे कानपूरची आयआयटी झाली, मेहसाण्याची दूधसागर डेअरी झाली, मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र झालं. २००२ मध्ये ते गेले. कॉर्बूझिएची कचेरी पुरी होण्याआधीपासून अहमदाबादेत नव्या पद्धतीचं बांधकाम एक कोकणी माणूस करत होता, ही गोष्ट मराठी शाळांच्या पुस्तकांत असायला हवी होती.

‘अटिरा’ पाहताना मात्र चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. ती शांत, आडवी, बेताची इमारत आहे. नक्षी नाही, शिखर नाही, कमान नाही. जिथे काम चालतं तिथे उजेड, जिथे ये-जा आहे तिथे सावली. लोड-बेअरिंगच्या घरात भिंत हीच छत तोलते, म्हणून खिडकी लहान ठेवावी लागते. कॉलम, बीम आणि स्लॅब यांची चौकट उभी राहिली की भिंतीच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, आणि मग ती हवी तिथे सरकवता येते, अर्धी ठेवता येते, पूर्ण काढूनही टाकता येते. आमच्या सेंट्रिंगवाल्यांना यात काही नवीन वाटणार नाही, त्यांचं रोजचंच काम आहे. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी आपल्याकडे बहुतेक घरं जाड भिंतींचीच होती, हे लक्षात ठेवून ‘अटिरा’समोर उभं राहिलं की त्या साध्या, लांब खिडक्यांमागचं धाडस कळतं.

फेरीचा क्रम उन्हावर ठरवला आहे. सकाळी पश्चिमेकडचा भाग : आयआयएम, ‘अटिरा’, विद्यापीठाजवळचं वास्तुकला विद्यालय. दुपारी पालडीला टागोर हॉल आणि संस्कार केंद्र. ऊन पश्चिमेला कललं की आश्रम रोडवर गिरणीमालकांची कचेरी, आणि शेवटी त्याच रस्त्याने उत्तरेला गांधी आश्रम. पालडी ते कचेरी आणि कचेरी ते आश्रम, हे दोन्ही टप्पे प्रत्येकी तीन किलोमीटरच्या आसपास आहेत, पायीच करावेत. सकाळच्या भागातून पालडीला रिक्षाने जाणं शहाणपणाचं, विशेषतः फेब्रुवारीनंतर.

आयआयएमबद्दल पुस्तिकेत सर्वांत जास्त पानं आहेत. लुई कान या अमेरिकन वास्तुकाराला १९६२ मध्ये हे काम मिळालं, ते बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकाराने. कानने विटा निवडल्या. कमानीच्या पायाशी काँक्रीटचा एक आडवा बीम, म्हणजे कमान बाहेर फाकू पाहते तिला तो धरून ठेवतो. विटेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. काँक्रीटमधल्या सळईला ताण सोसतो. ज्याचं काम ज्याला, असा हा सरळ हिशेब भिंतीवर उघडा ठेवलेला आहे. एकही प्लास्टर नाही की ज्याआड काही लपेल. मी बांधकामाचे नकाशे काढण्याचं काम करतो, आणि नवीन मुलांना कमान आणि बीम समजावताना मला या भिंतींच्या फोटोइतकं चांगलं साधन दुसरं सापडलेलं नाही. तिथले मोठे गोल झरोके आणि रुंद, थंड पडव्या पाहा. वर्गाबाहेर मुलांनी बोलत उभं राहावं यासाठीही तिथे मुद्दाम जागा ठेवली आहे.

हे काम बारा वर्षं चाललं. १७ मार्च १९७४ रोजी अहमदाबादहून परतलेला कान न्यूयॉर्कच्या पेन्सिल्व्हेनिया स्टेशनात मरण पावला. मागे राहिलेलं काम पुढे नेणाऱ्यांत अनंत राजे होते. हे दुसरं मराठी नाव. जे. जे. मध्ये शिकलेले राजे १९६०च्या दशकात फिलाडेल्फियाला कानच्या कार्यालयात होते. नंतर अहमदाबादेत येऊन त्यांनी या बांधकामाची जबाबदारी घेतली, आणि पुढे याच आवारात व्यवस्थापन-प्रशिक्षणाच्या इमारती स्वतः रचल्या. २००९ मध्ये ते गेले. वास्तुकला विद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. कान, दोशी यांच्या नावांच्या गर्दीत राजे मागे राहतात, म्हणून त्यांच्या इमारतींसाठी पुस्तिकेत वेगळा नकाशा दिला आहे. कानची वीट आणि राजे यांचं काँक्रीट शेजारी शेजारी पाहिलं की शिष्याने गुरूचं काय घेतलं आणि काय सोडलं ते कुणी सांगावं लागत नाही.

या आवारातल्या वसतिगृहांवरून मोठा वाद झाला. डिसेंबर २०२०मध्ये संस्थेने अठरांपैकी चौदा वसतिगृहं पाडून नवी बांधण्याचा विचार जाहीर केला. जगभरातून निषेध आला आणि १ जानेवारी २०२१ रोजी तो मागे घेण्यात आला. पुढे २०२२च्या अखेरीस पुनर्बांधणीचा विषय परत पुढे आला. विटा झिजल्या, २००१च्या भूकंपाचा मार बसला, पाणी झिरपतं, राहणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, असं संस्थेचं म्हणणं. ते खोटं नाही. पण याच आवारातलं विक्रम साराभाई ग्रंथालय मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने दुरुस्त केलं आणि त्या कामाला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कार मिळाला. दुरुस्ती होऊ शकते, याचा पुरावा शंभर पावलांवर उभा असताना पाडण्याची घाई कशाला? दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल २०१७ मध्ये पाडलं, तेव्हाही देशातल्या वास्तुकारांनी आणि अभियंत्यांनी हेच विचारलं होतं. साठ-सत्तर वर्षांची इमारत ‘जुनी’ म्हणून जपायला फार तरुण आणि ‘नवी’ म्हणून वापरायला फार थकलेली असते. तिचा वाली कुणीच नसतो. २०१७ मध्ये अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा मान मिळाला तो जुन्या तटबंदीच्या आतल्या पोळांना, म्हणजे गल्लीवस्त्यांना. त्याच्या आदल्या वर्षी युनेस्कोने कॉर्बूझिएच्या सात देशांतल्या सतरा वास्तू यादीत घेतल्या, त्यात भारतातून चंदीगडचा कॅपिटल परिसर आहे. अहमदाबादची एकही नाही.

दोशींबद्दल इथे थोडक्यात, कारण आता त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. १९२७ मध्ये पुण्यात, फर्निचर बनवणाऱ्या कुटुंबात जन्म. जे. जे. मध्ये शिक्षण. पॅरिसला कॉर्बूझिएकडे सुरुवातीचे महिने बिनपगारी काम, आणि १९५४ मध्ये त्याच्या इथल्या कामांवर देखरेखीसाठी अहमदाबादला आगमन. ते इथलेच झाले. २०१८ मध्ये वास्तुकलेचा प्रिट्झकर पुरस्कार मिळालेले ते पहिले भारतीय. जानेवारी २०२३ मध्ये अहमदाबादेतच निधन. त्यांनी स्थापन केलेलं वास्तुकला विद्यालय आपल्या फेरीत आहे. इमारतीखालची मोकळी, सावलीची जागा, उत्तरेकडून येणारा उजेड आणि मुलांना बसायला सगळीकडे पायऱ्या. शेजारीच जमिनीखाली गेलेली ‘गुफा’ आहे, चित्रकार हुसेन आणि दोशी यांनी मिळून केलेली. हुसेन मूळचे पंढरपूरचे. तारेच्या जाळीवर थापलेलं सिमेंटचं जेमतेम इंचभर जाडीचं कवच, त्यावर चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांची फरशी, आणि हे सगळं साध्या अवजारांनी, हातांनी. गच्चीवर वॉटरप्रूफिंगसाठी चायना मोझॅक केलेल्या कारागिराला ही घुमटं ओळखीची वाटतील. वेळ जमली तरच आत जावं. बाहेरूनही ती पाहण्यासारखी आहेत.

पालडीला दोन इमारती जवळजवळ आहेत. दोशींच्या टागोर हॉलच्या भिंती कागदाची घडी घालावी तशा काँक्रीटच्या घड्यांच्या आहेत. सरळ कागद उभा राहत नाही, घडी घातलेला राहतो. तेच इथे मोठ्या मापात केलं आहे, आणि त्यामागचं गणित महेंद्र राज या अभियंत्याचं. पाडलं गेलेलं ‘हॉल ऑफ नेशन्स’ही त्यांच्याच गणितावर उभं होतं.

संस्कार केंद्र कॉर्बूझिएचं. शहराच्या संग्रहालयासाठी महापौर चिनुभाई चिमनलाल यांच्या काळात हे काम दिलं गेलं. खांबांवर उचललेला विटांचा मोठा चौकोन, मधे चौक, आणि छतावर पाण्याच्या पंचेचाळीस कुंड्या : पाणी आणि झाडं वर ठेवून खालची दालनं थंड राखायची, असा बेत. तो बेत ठरल्याप्रमाणे कधी चालला नाही. इमारतीची आजची अवस्था पाहून वाईट वाटतं. उघड्या पडलेल्या सळया, ओल, गळती. फेरीतून ती वगळावी असं काहींनी सुचवलं. मी वगळली नाही. तिच्याखाली, खांबांमधल्या सावलीत उभं राहून पाहावं. वर दोन मजल्यांचं वजन आणि खाली वारा मोकळा. सुरतेच्या माणसाने २००६चा तापीचा पूर पाहिला आहे. पावसाळ्यात मिठी खाडी फुगली की लिंबायत-पर्वतच्या गल्ल्यांत पाणी शिरतं, हे तो दर दोन-चार वर्षांनी पाहतो. जमिनीवरचा मजला मोकळा सोडण्यामागे केवळ शोभा नसते, हे त्याला दुसऱ्या कुणी पटवून द्यायला नको.

आता कचेरी. दुपारी चारच्या सुमारास इथे पोचावं आणि आधी रस्त्याच्या बाजूलाच थांबावं. ही पश्चिम बाजू. हिच्यावर काँक्रीटच्या उभ्या, जाड फळ्या आहेत, भिंतीशी तिरक्या कोनात वळवलेल्या. समोरून पाहिलं तर मजले रिकामे वाटतात आणि बाजूने पाहिलं तर बंद. कललेलं ऊन या तिरक्या पात्यांवर आदळतं आणि तिथेच थांबतं. वारा मात्र त्यांच्यामधून आत जातो. पूर्वेची बाजू नदीकडे. तिथली पाती सरळ आहेत, कारण सकाळचं ऊन तितकं छळत नाही आणि नदी दिसायला हवी होती. दक्षिण आणि उत्तरेच्या भिंती जवळजवळ बंद, विटांच्या. चार बाजूंना चार प्रकारचं ऊन लागतं, म्हणून चार बाजू वेगळ्या. हे इतकं साधं आहे की आज विसरलं गेलं आहे.

मग त्या पात्यांच्या अगदी जवळ जावं. काँक्रीटवर लाकडी फळ्यांचे ठसे आहेत. फळीची रुंदी मोजता येते, लाकडाची गाठ जिथे होती तिथे काँक्रीटमध्ये गाठ आहे, दोन फळ्यांच्या सांध्यातून सिमेंटचं पाणी ओघळलेल्या रेघा आहेत. सेंट्रिंग खोलल्यावर आपण जे दिवसभरात प्लास्टरखाली बुजवून टाकतो, ते इथे तसंच ठेवलं आहे. फळ्या ठोकणारा, काँक्रीट ओतणारा, ते ठोकून बसवणारा, प्रत्येकाच्या हातची खूण भिंतीवर राहिली. त्यांची नावं मात्र कुणीच लिहून ठेवली नाहीत, आणि या इमारतीवरच्या लिखाणातली ती मोठी उणीव आहे. आमच्यापैकी कुणी सेंट्रिंगवाला तिथे गेला तर त्याने ते ठसे हाताने चाचपून पाहावेत आणि कोणत्या मापाची फळी, किती वेळा वापरलेली, शटरिंग घट्ट होतं की सैल, हे शेजारच्याला सांगावं. कुठल्याही मार्गदर्शकाला हे सांगता येत नाही.

आत जायला लांब उतार आहे, जिना नंतर. उतारावरून चढताना इमारत हळूहळू उलगडते. वरच्या मजल्यावर सभागृह आहे, त्याच्या भिंती वळणदार, आतून लाकडाने मढवलेल्या. बाहेरच्या सगळ्या काटकोनांमध्ये हा आकार मनाला येईल तसा वळलेला आहे. पूर्वेला आलं की साबरमती. इमारत बांधली तेव्हा नदीच्या वाळूत लोक कापड धूत होते, रंगवलेलं कापड सुकायला पसरत होते, आणि कॉर्बूझिएला हे दृश्य इतकं आवडलं की त्याने ती बाजू त्यासाठीच मोकळी सोडली. गिरणीमालकांनी बैठक मारून चर्चा करावी आणि समोर त्यांचंच कापड वाळत असावं. आता तिथे वाळू नाही. रिव्हरफ्रंटच्या काँक्रीट भिंती आहेत आणि नर्मदेच्या कालव्याने भरलेलं पाणी आहे. गिरण्याही बहुतेक बंद पडल्या. कचेरी एका मोठ्या धंद्यासाठी बांधली होती, आज ती त्याहून फार लहान धंदा सांभाळते. तरी तिची सावली कमी झालेली नाही.

शेवटचं ठिकाण गांधी आश्रमातलं संग्रहालय, चार्ल्स कोरिया यांचं. कोरिया गोव्याच्या कुटुंबातले, मुंबईत काम केलेले. हे त्यांचं सुरुवातीचं मोठं काम, १९६३ मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेलं. सहा मीटर चौरसाचं एक माप घेतलं आणि तेच पुन्हा पुन्हा ठेवत गेले. काही चौक झाकलेले, काही उघडे, काहींत पाणी. विटांचे खांब, उतरती कौलं, लाकडी झापं. खिडकीला काच नाही. बीम पन्हाळीच्या आकाराचे आहेत, छतावरचं पावसाचं पाणी तेच वाहून नेतात. दिवसभर जड काँक्रीट पाहून झाल्यावर इथे बसलं की लक्षात येतं, याच पिढीने याच शहरात किती वेगळ्या वाटा धरल्या होत्या. माझी स्वतःची निवड विचाराल तर ही.

आता आपल्या सुरतेकडे. पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण पर्वत पाटियाहून रिंग रोडपर्यंतच्या पायी फेरीचं आहे, आणि ते मुद्दाम शेवटी ठेवलं. अहमदाबाद पाहून आल्यावरच ते वाचावं. इथे कुणी नावाजलेला वास्तुकार भेटणार नाही. भेटतील ती कापडाची मार्केटं, ओळीने गाळे असलेली, मधे चौक, चारी बाजूंनी लांब गॅलऱ्या. जुन्या मार्केटांच्या गॅलरीत भर दुपारी उभं राहा. डोक्यावर पुढे आलेला छज्जा आहे, समोरून वारा येतो, खाली ताक्यांनी भरलेले हातगाडे वळू शकतील एवढी रुंदी आहे. पोटलं खांद्यावर घेतलेल्या माणसाला समोरून येणाऱ्याला न धडकता जाता येतं. हे माप कुणीतरी विचार करून ठेवलं होतं. ते कोण, याची नोंद नाही, पण विचार दिसतो.

त्यानंतरची काही मार्केटं पाहा, ज्यांची पश्चिम बाजू खालपासून वरपर्यंत काचेची आहे. दुपारी तीननंतर आतले लोक काचेला कागद चिकटवतात, पडदे ओढतात, आणि बाहेर एसीच्या यंत्रांच्या रांगा लागतात. वीजबिल गाळेधारक भरतो, आणि गरम हवा गल्लीत हमालाच्या अंगावर येते. उन्हाचा तोच प्रश्न, कापडाचाच पैसा, आणि १९५४ मध्ये दोन-अडीचशे किलोमीटरवर सुटलेलं उत्तर इथे कुणी उचललं नाही, याचं मला दुःख आहे. खर्चाचं कारण सांगितलं जातं. पण काचेपेक्षा छज्जा महाग नसतो. दिखाऊ काच म्हणजे प्रगती, ही समजूत ग्राहकाची, बिल्डरची आणि नकाशे काढणाऱ्या आम्हा लोकांचीही आहे, आणि ती बदलायची तर पर्याय डोळ्यांनी पाहिलेला असावा लागतो. खजोदचं हिऱ्यांचं बोर्स, ज्याचं उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झालं, तेही जाऊन पाहावं. नऊ मनोरे, सासष्ट लाखांहून अधिक चौरस फूट, आणि सगळ्यांना जोडणारा मधला लांब कणा, जो वाऱ्याच्या दिशेचा विचार करून टोकांना रुंदावलेला आहे. एवढ्या प्रचंड इमारतीतही वाऱ्याचा हिशेब मांडता येतो, तर चार मजली मार्केटात का नाही?

आपल्या सोसायट्यांमधली बारा फूट रुंदीची घरंही या फेरीत आहेत. खाली दुकान किंवा एम्ब्रॉयडरीचं मशीन, वर राहणं, पुढे लोखंडी जिना. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी जोडलेल्या, म्हणून हवा येणार ती पुढून किंवा मागूनच. काही घरांत मधे छोटा उघडा चौक सोडलेला दिसतो, त्या घरात मे महिन्यातही दुपारी बसवतं. ज्यांनी तो चौक स्लॅब टाकून बंद केला, त्यांच्याकडे दिवसा दिवा लावावा लागतो. खोली वाढते हे खरं, आणि जिथे सहा-सात माणसं राहतात तिथे खोली हवीच असते. म्हणून या घरांकडे चुका काढायला जाऊ नये. मालकिणीला विचारावं, उन्हाळ्यात कुठे झोपता, पावसात पाणी कुठून येतं. तिला आपल्या घराचं ऊन-पाणी कुठल्याही वास्तुकारापेक्षा जास्त ठाऊक असतं.

निघण्यापूर्वी थोडी व्यवहाराची माहिती. आयआयएमचं आवार पाहायला आगाऊ परवानगी घ्यावी लागते. ‘अटिरा’ आणि गिरणीमालकांची कचेरी ही चालू कार्यालयं आहेत, तेव्हा कामाच्या दिवशी जावं आणि दारावर विचारून आत शिरावं. साराभाई आणि शोधन यांच्यासाठी कॉर्बूझिएने बांधलेली घरं खासगी आहेत, म्हणून फेरीत घेतलेली नाहीत. अहमदाबाद स्टेशनवरून मेट्रो मिळते, पालडीला तिचं स्टेशन आहे. सोबत मोजपट्टी ठेवा. पायरीची उंची, छज्ज्याची खोली, गॅलरीची रुंदी मोजून पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहा, आणि परत आल्यावर तीच मापं आपल्या मार्केटात आणि आपल्या घरी घ्या.